टाकी आधी, ऑस्कर नंतर

ऑस्करचं पिल्लू दुकानात बघितलं की ते घरी न्यावंसं वाटतंच. दोन इंचांचं अंग, काळ्या रंगावर पांढरे-केशरी वेडेवाकडे पट्टे आणि काचेवर बोट फिरवाल तिकडे वळणारे डोळे. कुर्ल्याच्या बाजारात, क्रॉफर्ड मार्केटात किंवा तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानाशेजारी उघडलेल्या फिश सेंटरमध्ये हा मासा सहज मिळतो, स्वस्त मिळतो आणि पाच मिनिटांत पाण्याच्या पिशवीतून तुमच्या हातात येतो. माझी विनंती आहे, त्या पाच मिनिटांत निर्णय घेऊ नका. हे पिल्लू वर्षाच्या आत आठ-दहा इंचांचं होतं, पुढे फूटभर वाढतं आणि नीट सांभाळलं तर दहा ते पंधरा वर्षं जगतं. आज पहिलीत असलेलं तुमचं मूल कॉलेजात जाईल, तेव्हाही हा मासा सकाळी काचेपाशी येऊन खायला मागत असेल. तेवढी वर्षं, तेवढी जागा आणि तेवढं पाणी आपल्या घरात आहे का, हे आधी ठरवा. असेल तर खुशाल पाळा. इतका जीव लावणारा मासा दुसरा नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या सिक्लिड माशांपैकी आपल्याकडे सर्वांत जास्त घरांत पोचलेला हाच, म्हणून मी त्याच्याच निमित्ताने बोलतो आहे. ग्रीन टेरर, सेव्हरम, चॉकलेट सिक्लिड हे त्याचे भाऊबंद. मापात थोडे कमी-जास्त, पण गरजा जवळपास सारख्याच. पीकॉक बास मात्र दोन फुटांच्या पुढे जातो. तो घरात पाळण्याचा मासाच नव्हे.

ऑस्करचं मूळ घर ॲमेझॉनचं खोरं. ब्राझीलमध्ये त्याला अपायारी किंवा अकारा-असू म्हणतात, आणि तिथे तो बाजारात खाण्यासाठी विकला जातो. लुई आगासी यांनी १८३१मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्यांचा समज हा समुद्रातला मासा असल्याचा झाला होता. पुढे तो गोड्या पाण्यातला, संथ नदीतला आणि पुराच्या पाण्यात बुडणाऱ्या जंगलातला मासा असल्याचं स्पष्ट झालं. मनाउस शहरापाशी नदीची पातळी वर्षभरात साधारण दहा मीटरने वरखाली होते. पूर आला की पाणी झाडांच्या बुंध्यांमधून मैलोन् मैल पसरतं, आणि हे मासे त्या बुडालेल्या जंगलात शिरून किडे, झिंगे, छोटे मासे खात हिंडतात. पूर ओसरला की मागे डबकी उरतात आणि त्यांतल्या पाण्यातला प्राणवायू रात्री जवळजवळ संपतो. तिथे टिकून राहायची ताकद ऑस्करच्या अंगी आहे. प्राणवायू घटला की तो शरीराची हालचाल आणि खर्च कमी करून घेतो आणि काही तास तसा काढू शकतो. मनाउसच्या ॲमेझॉन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला आहे.

हीच ताकद आपल्या घरात त्याच्या जिवावर उठते. दुसरा एखादा नाजूक मासा घाण पाण्यात दोन दिवसांत मरतो आणि आपल्याला चूक कळते. ऑस्कर मरत नाही. तो दोन फुटी टाकीत महिनोन् महिने काढतो, खातोही, आणि आपण म्हणतो, बघा, किती मजेत आहे. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये, हॉटेलच्या काउंटरशेजारी असे ऑस्कर तुम्हीही पाहिले असतील. पुढच्या वेळी दिसला तर जरा जवळ जाऊन त्याच्या कपाळाकडे बघा. डोळ्यांच्या वर, नाकपुड्यांच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. काहींचे खड्डे ज्वारीच्या दाण्याएवढे झालेले असतात, कडा पांढुरक्या, आत फिकट मांस. अंगाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीकडे जाणारी जी बारीक रेघ असते, तिच्यावरची कातडीही झिजलेली असते. या दुखण्याला पाळणारे लोक ‘होल इन द हेड’ म्हणतात. साचलेलं घाण पाणी, निकृष्ट खाणं, आतड्यातले परजीवी या सगळ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. लवकर लक्षात आलं आणि पाणी-खाणं सुधारलं तर खड्डे भरूनही येतात. पण ज्या टाकीत त्याला वळायलाही जागा नाही, तिथे पाणी सुधारणार कसं?

इथे एक समजूत आडवी येते. ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो हो, काळजी करू नका,’ असं अनेक दुकानांत सांगितलं जातं. हे खरं नाही. लहान टाकीत ऑस्करची वाढ खुंटते ती पाण्यात साठलेल्या घाणीमुळे आणि ताणामुळे. त्याने जागेचा अंदाज घेऊन समजुतीने अंग आवरलेलं नसतं. पाठ वाकते, डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसू लागतं, आयुष्य निम्म्याहून कमी होतं. रेडकू लहान आहे म्हणून कोणी त्याला न्हाणीघरात बांधून ‘आता एवढंच राहील’ म्हणत नाही. माशाच्या बाबतीत मात्र आपण हे ऐकून घेतो.

तर टाकी केवढी? आपल्याकडे टाक्या फुटांत सांगतात, म्हणून फुटांतच बोलू. एका ऑस्करला कमीत कमी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी लागते. तिच्यात सुमारे २५५ लिटर पाणी बसतं. खरं तर ४ × २ × २ फुटांची टाकी असावी, म्हणजे साडेचारशे लिटर. इथे रुंदी सर्वांत महत्त्वाची. फूटभर लांबीच्या माशाला फूटभर रुंदीच्या टाकीत सरळ वळता येत नाही, तो अंग दुमडून वळतो आणि दर वेळी शेपूट काचेवर घासते. उंच टाकी दिसायला देखणी, पण ऑस्करला तिचा उपयोग कमी. उंचीचा पैसा रुंदीत घाला. दोन ऑस्कर ठेवायचे असतील तर सहा फुटांचा विचार करा. शक्य असेल तर टाकी बनवायला टाकण्याआधी खडूने जमिनीवर तिचं माप आखा आणि चार दिवस ते तसंच राहू द्या. हॉलमधून ये-जा करताना, सोफा सरकवताना, पाहुणे आले की, ती आखलेली जागा घरातल्या सगळ्यांना खरोखर मोकळी ठेवता येते का ते कळतं.

मग वजन. साडेचारशे लिटर पाणी म्हणजे साडेचारशे किलो. १२ मिलिमीटर काचेची टाकी स्वतः ऐंशी-नव्वद किलोंची. वर लोखंडी स्टँड, तळाची वाळू, दगड. सहाशे किलोंचा आकडा सहज गाठला जातो, आणि तो सगळा आठ चौरस फुटांत उभा राहतो. राहत्या घराच्या खोल्यांसाठी स्लॅबचं डिझाइन करताना भारतीय मानकांप्रमाणे दर चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास भार धरतात. तुमची टाकी त्या जागेवर त्याच्या चौपट भार टाकते. याचा अर्थ स्लॅब लगेच खाली येईल असा नाही, कारण तो भार सगळ्या खोलीवर मोजलेला असतो. पण टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नका, बाहेर काढलेल्या गॅलरीत तर मुळीच नको. भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा. इमारत जुनी असेल तर सोसायटीचं काम बघणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारा. स्टँडवर लेव्हल लावून बघा आणि काचेखाली थर्माकोलची शीट घाला. काच फुटते ती बहुतेक वेळा खालच्या उंचवट्यामुळे, आणि फुटली की पाणी खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या छतातून उतरतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ऑस्कर पाळणं म्हणजे खरं तर पाणी सांभाळणं.

त्याला खाताना एकदा नीट बघा. दाणा पाण्यावर पडला की तो तोंड उघडतो आणि दाणा पाण्यासकट आत खेचला जातो. मग तो जागेवर थांबतो, गळ्यातल्या दुसऱ्या जबड्याने दाणा भरडतो, आणि दोन्ही कल्ल्यांतून पिठासारखा चुरा ढगासारखा बाहेर पडतो. मोठ्या दाण्याचा बराचसा भाग असा पाण्यात जातो. त्यात भर त्याच्या विष्ठेची आणि कल्ल्यांतून सतत बाहेर पडणाऱ्या अमोनियाची. हा मासा टेट्रा-गप्पींच्या मानाने प्रचंड घाण करतो. तो त्याचा दोष नाही, नदीत ते वाहून जातं. टाकीत ते वाहून न्यायचं काम तुमचं.

फिल्टर हे काम कसं करतो ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या साऱ्या गोष्टी आपोआप कळतील. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढतात. त्यांतला एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशाला विषारी, तिसरं त्या मानाने बरंच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि म्हणूनच टाकी आधी आणि ऑस्कर नंतर असा माझा आग्रह आहे. टाकी भरून, फिल्टर चालू करून, रोज चिमूटभर खाणं टाकून माशाशिवाय ती चालू ठेवा. दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायची थेंबांची किट मिळतात. दोन्ही आकडे शून्यावर येऊन तिथेच राहिले की मासा आणा. ओळखीत कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंजचा तुकडा मागून घ्या. तो तुमच्या फिल्टरमध्ये घातला तर ही वाट बरीच लवकर संपते. विकतच्या औषधाच्या बाटलीपेक्षा माझा भरवसा या मळक्या स्पंजवर जास्त आहे.

आपल्या भागातल्या पाण्याची एक गोष्ट यात ध्यानात ठेवायला हवी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असतं. अमोनियाचं विषारी रूप पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरतं. सामू ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यात जे खपून जाईल ते सोलापूरच्या मे महिन्यात खपणार नाही. पण म्हणून सामू खाली आणायला रसायनं ओतू नका, त्याने पाणी रोज वरखाली होतं आणि मासा अधिक त्रासतो. पैदास केंद्रांत पिढ्यान् पिढ्या वाढलेले ऑस्कर आपल्या पाण्याला सरावतात. तुम्ही फक्त अमोनिया साठू देऊ नका.

साठू न देण्याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे दर आठवड्याला पाणी बदलणं. साडेचारशे लिटरच्या टाकीत तीस टक्के म्हणजे १३५ लिटर, पंधरा लिटरच्या बादलीने नऊ बादल्या. दर रविवारी, पाऊस असो, लग्न असो, मॅच असो. पाइपने तळाची घाण ओढत पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतं. अँटी-क्लोरीनचे थेंब किंवा हायपोचे खडे घाला. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये वापरायचे तेच. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका, टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच पिळा, आणि तोही पांढराशुभ्र करायच्या नादात पडू नका. काढलेलं पाणी तुळशीला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला घाला. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खाणं.

आणि ज्यांच्याकडे उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, आठवड्यातून दोनदा पाणी येतं, त्यांना मी हात जोडून सांगतो, हा मासा घेऊ नका. घरातली बाई पिण्याचा हंडा भरायला रांगेत उभी आणि इकडे नऊ बादल्या टाकीत, असं होता कामा नये. आणि पाणी न बदलता ऑस्कर ठेवणं ही त्याच्यावर केलेली क्रूरता आहे.

वीज जाते, हेही गृहीत धरा. पंप थांबला की ऑस्कर स्वतः काही तास तग धरतो, पण बंद डब्यातल्या कॅनिस्टर फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो आणि ते मरू लागतात. पाच-सहा तासांनी वीज आल्यावर तो फिल्टर तसाच चालू केला तर आतलं सडकं पाणी टाकीत येतं. आधी ते ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळा, मग चालू करा. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, तो जेमतेम तीन-पाच वॅट खातो. वीज गेली त्या दिवशी खाणं देऊ नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी ३२ अंशांच्या वर चढलं की झाकण अर्धं उघडून वर जाळी लावा, पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, एअर पंपाला दुसरा दगड जोडा. नाशिक-पुण्याच्या थंडीत उलट हीटर लागतो. २४ ते २८ अंशांत तो सुखी असतो. काचेचा हीटर उघडा ठेवू नका, मोठा ऑस्कर धडक देऊन फोडतो. बाहेरून प्लास्टिकची जाळी असलेला घ्या. आणि पाणी बदलण्याआधी त्याचं बटण बंद करा.

खाण्याबद्दल आपल्याकडे फार चुका होतात. कोंबडीची कलेजी, मटणाचे तुकडे, जिवंत गोल्डफिश. लोक मुलांना बोलावून दाखवतात, बघ कसा गिळतो. कोंबडी-बकऱ्याची चरबी या माशाला नीट पचत नाही, यकृतात साठते. फीडर म्हणून मिळणारे गोल्डफिश सर्वांत घाण टाक्यांतून आलेले असतात आणि परजीवी घेऊन येतात, शिवाय त्यांच्या मांसात ब१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एक विकर असतं. रोजचं खाणं म्हणून चांगल्या प्रतीचे सिक्लिडचे दाणे द्या. आठवड्यातून दोनदा सोललेली, बिनमिठाची कोळंबी, गांडूळ, उकडलेला सोललेला वाटाणा. ऑस्करला क जीवनसत्त्व खाण्यातूनच मिळावं लागतं. ते न मिळालेल्या ऑस्करच्या जबड्याची आणि कल्ल्यांच्या झाकणाची हाडं वाकडी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. हे जीवनसत्त्व उघड्या पाकिटात काही महिन्यांत उडून जातं, त्यामुळे स्वस्त पडतं म्हणून पाच किलोंचं पोतं आणू नका, दोन महिन्यांत संपेल एवढंच आणा आणि घट्ट डब्यात ठेवा. मोठ्या माशाला दिवसातून एकदा खाणं पुरतं. तो मागत राहील, तुमच्याकडे बघत पुढे-मागे डुलत राहील. घरातले चार जण चार वेळा देतात, तिथे घोळ होतो. खाणं घालायचं काम एकाकडेच असू द्या. गणपतीला चार-पाच दिवस गावी जाणार असाल तर खुशाल जा, निरोगी मोठा ऑस्कर आठवडाभर उपाशी राहू शकतो. शेजाऱ्यांना दाण्यांचा डबा देऊन गेलात तर मात्र ते प्रेमाने मूठभर ओततील.

स्वभावाने हा मासा मानी आहे. तळाचे दगड तो रात्रीत इकडचे तिकडे करतो, प्लास्टिकची झाडं उपटून वर तरंगत ठेवतो. त्याला तसं करू द्या; धारदार शोभेच्या वस्तू तेवढ्या काढून टाका. टाकी हलवली किंवा खूप पाणी बदललं की काही ऑस्कर तळाशी कुशीवर आडवे पडून राहतात. मेला म्हणून कोणी बाहेर काढू नका, दिवे मालवा, एकटं सोडा, काही तासांनी उठतो. उडी मारतो, तेव्हा झाकण जड हवं. त्याच्या तोंडात मावेल असा कुठलाही मासा सोबत ठेवला तर तो त्याचं खाणं आहे. आणि ‘पिरान्हा’ म्हणून लाल पोटाचा जो मासा दुकानात मिळतो तो बहुतेक वेळा पाकू असतो, म्हणजे मासळी बाजारात रूपचंद नावाने विकला जाणारा. तोही दक्षिण अमेरिकेचाच, आणि ऑस्करपेक्षा कितीतरी मोठा होतो. त्याला घरात आणू नका.

नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. दोन ऑस्करची जोडी जमलीच तर ते एखादा सपाट दगड तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करतात आणि मादी त्यावर हजार-दोन हजार अंडी घालते. दोघं मिळून राखण करतात, तुमचा हातही चावतात. बघायला विलक्षण सुंदर. पण एवढी पिल्लं वाढवून द्यायची कोणाला, हा प्रश्न आधी सोडवा. परिसरातली दुकानं एका खेपेला वीस-पंचवीस घेतील. बाकीची जन्माला घालू नका, अंडी तशीच सोडा, आईबाप बहुतेक वेळा स्वतःच खाऊन टाकतात.

अजून एका समजुतीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. वास्तूसाठी म्हणून मोठा मासा आणतात आणि तो मेला की म्हणतात, घरावरचं संकट त्याने आपल्या अंगावर घेतलं. ऑस्कर, अरोवाना, फ्लॉवरहॉर्न, सगळ्यांच्या बाबतीत हे ऐकू येतं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना दुखवायचं नाही, पण मेलेल्या माशाच्या टाकीतलं पाणी त्याच दिवशी तपासा. बहुधा अमोनिया सापडेल. तो मासा वाचवता आला असता, आणि ‘संकट घेतलं’ म्हणत दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नवा मासा सोडला तर तोही जाईल.

शेवटचं सांगणं सर्वांत कळकळीचं. मासा मोठा झाला, सांभाळेना, तर त्याला तलावात, नदीत, धरणात, विहिरीत सोडू नका. बरेच लोक हे पुण्याचं काम समजून करतात. चिलापीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. हाही सिक्लिडच, आफ्रिकेचा. १९५२मध्ये खाण्यासाठी म्हणून तो भारतात आणला गेला आणि आज उजनीसारख्या जलाशयात जाळ्यात सगळ्यात आधी तोच येतो. पीकॉक बासचं काय झालं तेही ऐका. पनामातल्या गातून सरोवरात १९६७च्या सुमारास तलावातून निसटलेले हे मासे पोचले. १९७३पर्यंत अभ्यासकांनी नोंदवलं की तिथले अनेक स्थानिक छोटे मासे जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. सुमारे साडेचार दशकांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही ते पूर्ववत आले नव्हते. फ्लोरिडात १९५०च्या दशकात ऑस्कर कालव्यांत शिरले आणि तिथेच वस्ती करून राहिले. १९८४मध्ये तिथल्या सरकारने परके मासे आवरायला म्हणून पीकॉक बास मुद्दाम सोडला, आणि आज दोन्ही तिथेच आहेत. फ्लोरिडात निदान थंडीची लाट अशा माशांना थोडा लगाम घालते, कारण पाणी १३ अंशांच्या खाली गेलं की ऑस्कर मरतो. आपल्या धरणांचं पाणी एवढं गार होतच नाही. केरळमध्ये २०१८च्या पुरानंतर नद्यांत अरापायमा सापडले, वाराणसीजवळ गंगेत ‘क्लीनर’ म्हणून विकला जाणारा सकर मासा मिळाला. तेही कुणाच्या तरी टाकीतून किंवा पैदास तलावातूनच गेलेले. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांत असे कितीतरी मासे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. शिवाय सिक्लिडच हवा असेल तर आपल्याकडे स्वतःचा आहे, गोव्यात जो काळुंदर म्हणून ताटात येतो तो. या माशांच्या पाण्यात ऑस्कर सोडणं हे पाप आहे, असंच मी म्हणेन.

मग ज्यांच्या घरी आत्ताच, या क्षणी, छोट्या टाकीत आठ इंचांचा ऑस्कर उभ्याने दिवस काढतो आहे, त्यांनी काय करावं? आजच त्याचं खाणं अर्ध्यावर आणा. रोज वीस टक्के पाणी बदला. एकदम सगळं बदलू नका, सवयीचं पाणी एकाएकी पालटलं की त्याला झटका बसतो. एअर पंप वाढवा. तेवढ्यात मोठ्या टाकीची जुळवाजुळव करा. जुन्या, वापरलेल्या मोठ्या टाक्या निम्म्या किमतीत मिळतात, लोक घर बदलताना काढून टाकतात. फक्त कोपऱ्यांतलं सिलिकॉन तपासून, गच्चीवर दोन दिवस पाणी भरून ठेवून मगच घ्या. ते जमणार नसेल तर ज्या दुकानातून आणला तिथे परत घ्यायला विचारा, पैसे मागू नका. मोठ्या टाक्या बाळगणारे हौशी लोक प्रत्येक शहरात असतात, त्यांचा पत्ता दुकानदारालाच ठाऊक असतो. जाऊन त्यांची टाकी डोळ्यांनी बघा, मगच द्या.

न्यायचा दिवस ठरला की आदल्या दिवशी खाणं बंद ठेवा. पिशवी वापरू नका, मोठा ऑस्कर पाठीच्या काट्यांनी ती फाडतो. झाकणाची वीस-पंचवीस लिटरची बादली घ्या, तिच्यात त्याच्याच टाकीचं पाणी निम्म्याच्या थोडं वर भरा, झाकणाला भोकं पाडा, बॅटरीवरचा छोटा एअर पंप लावा. जाळीत पकडताना ओला टॉवेल खाली धरा, कोरड्या हातांनी पकडू नका, त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. नव्या घरी पोचल्यावर बादलीत तिथलं पाणी तांब्या-तांब्याने अर्धा तास मिसळत राहा, मग सोडा. सोबत तुमच्या फिल्टरचा स्पंजही देऊन टाका.